साहेब, मी न्हाई केलं

"हिला इथं बसवा. हिरोईनच्या बाजूला. उजेडात."

मला बसवलं. व्हॅनिटी व्हॅनमधल्या आरशापुढं दोन खुर्च्या होत्या. एकीवर मुंबईची हिरोईन, डोळे मिटून. दुसरीवर मी. मला वाटलं, माझाही मेकअप होणार. मी केस मागं घेतले, मान ताठ केली.

मेकअपवाल्यानं डबी उघडली. आत रंगाचे कप्पे होते, फिक्या तपकिरीपासून गडदपर्यंत. त्यानं ब्रश बुडवला आणि माझ्या डाव्या गालावर एक पट्टा ओढला. मागं सरून बघितलं. मान हलवली. त्याच्याखाली दुसरा पट्टा. मग अजून एक.

"हलू नको."

मी हलले नव्हते.

शेवटचा पट्टा माझ्या गालावर दिसेनासा झाला. कातडीत मिसळून गेला. "सापडला," तो म्हणाला. आणि त्या कप्प्यातला रंग हिरोईनच्या तोंडाला लावायला लागला. कपाळ, गाल, मान, कानाच्या पाळ्या, हाताची बोटं. माझा रंग तिच्या अंगावर चढत होता आणि मी शेजारी बसून बघत होते. नमुना म्हणून. शिंप्याकडं कापडाचा तुकडा नेतात तसं मला नेलं होतं.

हिरोईननं डोळे उघडले. आरशात स्वतःला बघितलं. मग मला. मग परत स्वतःला.

"अजून थोडा डार्क करा ना. हिच्यापेक्षा थोडा जास्त. स्क्रीनवर मळकट वाटलं पाहिजे."

मग माझ्याकडं वळून हसली. "सॉरी हं. मनाला लावून घेऊ नकोस. तुझी स्किन लई छान आहे."

'लई' हा शब्द तिला आदल्या दिवशी मीच शिकवला होता.

काम झालं. माझा गाल कुणी पुसून दिला नाही. तशीच खाली उतरले. मैदानाच्या कोपऱ्यात नळ होता, तिथं तोंड धुतलं. तेलकट रंग, पाण्यानं निघेना. ओढणीनं घासलं. गाल चुरचुरायला लागला तरी घासत होते.

मी नांदेडची. रुळाच्या पलीकडं आमची वस्ती. बाप मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा, मी शाळेत असतानाच गेला. माय शाळेत लेकरांची खिचडी शिजवते. घरात दादा, मी आणि माय. मला नाटकाचं वेड. शाळेच्या गॅदरिंगमध्ये धरलं ते सुटलंच नाही. मी विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकले, तेव्हा वस्तीतले लोक मायला विचारायचे, "पोरगी कशाची डॉक्टर व्हायली?" माय म्हणायची, "नाटकाची."

सिनेमा नांदेडला आला तो आमच्या घरामुळं. हे आधी सांगायला पाहिजे.

दादा आयटीआय करून लातूरला मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला लागला होता. रूम करून राहायचा. रूमवर चौघं होते. एक पारधी, एक मुसलमान, एक मातंग आणि दादा, बौद्ध. चौघांनाही दुसरीकडं कुठं रूम मिळाली नव्हती, म्हणून एकत्र आले आणि दोस्त झाले. एका संध्याकाळी ट्यूशनच्या भागात एका बाईचं गंठण मोटारसायकलवरच्या पोरांनी ओढून नेलं. पोलिसांनी रात्रीच चौघांना उचललं. कामून? त्यांच्याकडं एक जुनी मोटारसायकल होती. आणि चौघांची आडनावं होती.

आठवडाभर ठेवलं. काय केलं ते दादा कधी बोलला नाही. त्याच्या तळपायांवरून मायला समजलं. पेपरात चौघांचे फोटो आले, वर मोठ्या अक्षरात 'चौकडी जेरबंद'. मग खरा चोर सापडला. चांगल्या घरचा पोरगा होता, बंगल्यातला. त्याचा फोटो आला नाही. या चौघांना सोडलं. सोडताना एक पोलीस म्हणाला, "जा आता. आपापल्या गावाला जा. इथं दिसू नका."

सुटल्याची बातमी कुणी छापली नाही.

दुकानदारानं दादाला परत घेतलं नाही. रूमवाल्यानं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. दादा नांदेडला आला तो घरातच बसला. घरीच पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधायचा. कुणी आणून दिल्या तर. दिवसा बाहेर निघायचा नाही. चौकात पोलिसाची गाडी दिसली की परत फिरायचा. हसायचा मात्र माझ्या नाटकांना. मी घरात संवाद पाठ करायची तेव्हा तो तांब्याची तार गुंडाळत समोरच्या पात्राचं वाक्य बोलायचा. तेवढाच त्याचा आवाज घरात असायचा.

ही हकीकत एका पत्रकाराकडून दिग्दर्शकाला कळली. तोच लेखकही. तो पुण्याहून आला, आमच्या घरात सतरंजीवर मांडी घालून बसला. मायनं चहा केला. त्यानं बशीत ओतून पिला, आम्हाला बरं वाटावं म्हणून. दादा बोलला नाही. माय बोलली. माय बोलत गेली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी होतं ते. मी जवळून बघितलं. निघताना मायच्या पाया पडला.

"मावशी, या मुलांची गोष्ट सगळ्या महाराष्ट्रानं बघितली पाहिजे."

माय म्हणाली, "दाखवा साहेब. त्यानं काही केलं न्हाई, एवढं दाखवा. बस्स."

वर्ष-दीड वर्षानं माणसं आली. आमच्या घराचे फोटो काढून नेले. मांडणीचे, पत्र्याच्या पेटीचे, भिंतीवरच्या बुद्धाचे, बाबासाहेबांचे. मला ऑडिशनला बोलावलं. आरोपीच्या बहिणीची भूमिका. म्हणजे माझीच. मी केलं. पोलीस भावाला नेतात आणि बहीण चप्पल न घालता गाडीमागं पळते, असा सीन होता. मला काही करावं लागलं नाही. दादाला उचलल्याचं कळलं तो दिवस फक्त आठवावा लागला.  दिग्दर्शक म्हणाला, "तू म्हणजे तीच आहेस."

मग फोन आला. दिग्दर्शकाची असिस्टंट मुलगी बोलत होती. "निर्मात्यांना नाव लागतं गं. बहिणीचा रोल मुंबईच्या मॅडम करणार आहेत. तुला शेजारच्या मुलीचा ठेवलाय. दोन वाक्यं आहेत. आणि मॅडमना भाषा शिकवायची."

मी हो म्हटलं. का म्हटलं? पहिला सिनेमा होता. कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं होतं. जे मिळालं ते घ्यायची सवय होती.

हिरोईनला मी 'हाव' शिकवलं, 'न्हाई' शिकवलं, 'काय करायलास' शिकवलं. पण ती प्रत्येक वाक्य ओरडून म्हणायची. मध्ये एक शिवी घालायची. मी म्हटलं, "आमच्या घरात शिव्या देत न्हाईत मॅडम. माझी माय तर रागावली की बोलायचीच बंद होते."

ती दिग्दर्शकाकडं बघायला लागली. तो म्हणाला, "ठीक आहे, पण वस्तीतल्या मुली अशाच बोलतात ना? लोकांना पटलं पाहिजे."

मी वस्तीतली मुलगी. त्याच्यापुढं उभी. बोलत होते. ते पटण्यासारखं नव्हतं.

घराचा सेट बघायला गेले तेव्हा दारातच थांबले. हुबेहूब आमचं घर. तीच मांडणी, तशीच पेटी, तोच कोनाडा, बाबासाहेबांच्या फोटोला तसाच हार. फक्त दादाचं फळकूट रिकामं होतं. आमच्या घरात त्या फळकुटावर पुस्तकं आहेत. दादाची आयटीआयची, माझी नाटकांची, धम्माची, बापानं फुटपाथवरून आणलेली. सेटवर तिथं दारूच्या बाटल्या मांडल्या होत्या.

मी सेटवाल्याला विचारलं, "पुस्तकं कुठंयत?"

"काढली. कन्फ्यूजन होतं फ्रेममध्ये."

"कसलं कन्फ्यूजन?"

"अगं, चोराच्या घरात एवढी पुस्तकं?"

तेव्हा मला पहिल्यांदा 'चोर' हा शब्द ऐकू आला. मी असिस्टंटकडून पूर्ण गोष्ट वाचायला मागितली. मला तोवर माझी दोन वाक्यंच दिली होती. रात्री घरी नेऊन वाचली. चौघं मित्र. एक पारधी, एक मुसलमान, एक मातंग, एक बौद्ध. भूक, अपमान, बेकारी. मग पहिलं गंठण. मग दुसरं. मग एका म्हाताऱ्या बाईचा जीव जातो. त्यांना पकडणारा फौजदार हळव्या मनाचा, घरात तुळस, कपाटभर पुस्तकं, बायको वीणा वाजवते. शेवटी तो रडतो. म्हणतो, यांना आपणच गुन्हेगार बनवलं.

सकाळी मी दिग्दर्शकाला गाठलं. तो चहा पीत होता. मी म्हटलं, "सर, यात चौघं खरंच चोरी करतात."

"हो. पण बघ ना, दोष कुणाचा दाखवलाय? समाजाचा. आपली फिल्म त्यांच्या बाजूची आहे. आणि एवढं वैविध्य कुठल्या मराठी फिल्ममध्ये असतं सांग? सगळ्या वंचितांचं प्रतिनिधित्व आहे यात."

होतं. सगळे होतो आम्ही. एकूण एक. पण सगळे बेडीच्या बाजूला होतो. बेडी घालणारा, न्याय करणारा, त्यांच्यासाठी रडणारा, यांत आमचं कुणीच नव्हतं.

"सर, माझ्या दादानं चोरी केली न्हाई. तुमच्यापुढं मायनं सांगितलं होतं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. आवाज मऊ केला. "बाळ, त्यानं काहीच केलं नसेल तर मग सिनेमा कशाचा? निर्दोष माणूस घरी जातो. संपलं. त्यात गोष्ट नसते."

घरी जातो. संपलं.

मला तेव्हाच निघायला पाहिजे होतं, असं लोक आता म्हणतात. मी निघाले नाही. माझं शूटिंग लातूरला व्हायचं राहिलं होतं. माझी दोन वाक्यं. मी स्वतःला सांगितलं, करू आणि सुटू.

मायनं मला एकटीला लातूरला पाठवलं नाही. परक्या गावात मुक्काम, एवढी बाप्या माणसं. ती दादाला म्हणाली, "तू जा बहिणीसंग."

दादा तार गुंडाळत होता. हात थांबला. लातूर म्हटलं की त्याचा चेहरा बंद व्हायचा.  मग तो म्हणाला, "जातो. तिचं शूटिंग तरी बघतो."

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. निळा. दाढी केली. एसटीत खिडकीशी मला बसवलं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. लातूर जवळ आलं तसा तो खिडकीतून बाहेर बघायचा बंद झाला.

लातूरला एका बंद पडलेल्या शाळेत पोलीस ठाण्याचा सेट लावला होता. निळी-लाल पाटी, टेबल, गजांची खोली, भिंतीवर टांगलेले दांडे. मी दादाला म्हटलं, "तू आत येऊ नको. इथं आवारात बस." तो भिंतीच्या सावलीला बसला. मी आत तयार व्हायला गेले.

त्या दिवशी ओळख परेडचा सीन होता. वस्तीवरच्या पोरांची ओळ उभी करतात, फौजदार एकेकापुढून जातो, असा. पोरं लातूरचीच गोळा केली होती. एक जण आला नव्हता. असिस्टंट मुलगी बाहेर आली. नंतर तिनंच मला हे सांगितलं. तिनं आवारात नजर फिरवली आणि दादाला बघितलं.

"ए, तू. हो, तूच. इकडं ये. चेहरा बरोबर आहे."

दादा उठला. खाकीतली दोन माणसं दारात उभी होती, नटच होती. दादा त्यांच्यामधून आत गेला. ओळीत उभा राहिला.

मी तयार होऊन बाहेर आले तेव्हा सगळे मॉनिटरभोवती जमले होते. दिग्दर्शक पुढं झुकून बघत होता. "हा कोण आहे? हा निळ्या शर्टातला. काय नॅचरल उभा आहे बघा."

मी बघितलं.

माझा दादा. हात मागं घेतलेले. मान खाली. पाय थोडे फाकवलेले, गुडघ्यातून जरा वाकलेला, मार येणार म्हणून अंग आवळलेला. बाकीची पोरं एकमेकांकडं बघून हसू दाबत होती, त्यांना सांगावं लागत होतं, हात मागं घ्या, खाली बघा. दादाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"ॲक्शन."

फौजदार झालेला नट ओळीपुढून चालत आला. दादापुढं थांबला. दांड्याच्या टोकानं त्याची हनुवटी वर केली.

"नाव?"

ओळीतल्या कुणालाच वाक्य नव्हतं. पण दादानं नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. शाळेत हजेरी देतात तसं सगळं पूर्ण. आणि पुढं म्हणाला,

"साहेब, मी न्हाई केलं."

हळू. विनवणी नाही, रडणं नाही. खूप वेळा म्हणून झिजून गेलेलं वाक्य होतं ते.

 मग दिग्दर्शक ओरडला, "कट! काय दिलंय यानं! हे ठेवायचं. हे फिल्ममध्ये पाहिजेच." आणि टाळ्या वाजवायला लागला. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. टाळ्यांच्या मध्ये दादा हात मागं बांधून तसाच उभा होता. कट म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं.

मी दिव्यांच्या मधून गेले. एक वायर पायात अडकली, दिवा हलला, कुणीतरी ओरडलं. मी दादाचे हात धरले आणि पुढं आणले. गार होते. उन्हाळ्याचे दिवस आणि हात गार.

"दादा, मी हाय. चल."

दिग्दर्शक आला. "काय झालं? छान चाललंय."

"हा माझा भाऊ हाय."

त्यानं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आमच्या घरात बसून चहा पिला होता. दादा समोर बसला होता तेव्हा. त्यानं दादाला ओळखलंच नव्हतं. ज्याची गोष्ट करत होता त्याचा चेहराच त्यानं बघितला नव्हता.

"अरे... मग तर अजूनच..." तो म्हणाला आणि थांबला. त्याला 'मग तर अजूनच भारी' म्हणायचं होतं. मला ते ऐकू आलं.

"हे पुसून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

"बघ, तू इमोशनल झालीस. आपण बसून बोलू. हे तुमच्यासाठीच चाललंय ना?"

"आमच्यासाठी न्हाई. तुम्हाला रडायला आमचा गुन्हा पाहिजे. आम्ही गुन्हा केला न्हाई तर तुम्हाला रडायलाच येत न्हाई. पुसा."

"हा काय आवाज आहे? कामाच्या जागी असं बोलतात?"

"असंच बोलतात. वस्तीतल्या मुली."

मी कॅमेऱ्याच्या काचेपुढं उभी राहिले. हटले नाही. निर्मात्याचा माणूस आला, परत काम मिळणार नाही म्हणाला. हिरोईन दारात येऊन उभी होती, माझा रंग लावून. ती खाली बघत होती. ओळीतली दोन पोरं बाहेर पडून आमच्या बाजूला आली. बाकीची उभीच राहिली. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांचा दिवस बुडाला असता.

शेवटी कॅमेरावाला म्हणाला, "पुसलं बाई. झालं. सरका."

मी अंगावरचे सिनेमाचे कपडे उतरवले, खुर्चीवर टाकले, माझे घातले. माझी दोन वाक्यं तिथंच राहिली.

आम्ही एसटीत बसलो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक उतरले, चढले. गाडी निघाली. तेव्हा तो खिडकीकडं बघत म्हणाला,

"हात मी आपोआप मागं घेतले. तुला दिसलं का?"

"हाव."

"कुणी सांगितलं न्हवतं."

"हाव दादा."

"मला वाटलं होतं आता गेलं असेल ते."

 नांदेड येईपर्यंत मी त्याचा हात धरून बसले. मोठ्या भावाचा. बायका बघत होत्या. बघू दे.

सिनेमा लागला. आमच्या नांदेडच्या थिएटरला मोठं पोस्टर, हिरोईनचं काळं केलेलं तोंड. पेपरात लिहून आलं, अस्सल मातीतला सिनेमा, वंचितांचा आवाज. माय म्हणाली, बघायचाय. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "त्या साहेबानं माझ्या पायाला हात लावला होता. मला बघू दे, त्यानं काय केलं." दादा आला नाही. आम्ही दोघी गेलो.

पुसलं नव्हतं.

ओळ आली. निळा शर्ट आला. पडद्यावर दादाचं तोंड भिंतीएवढं. "साहेब, मी न्हाई केलं." आणि लगेच पुढच्या सीनमध्ये घराची झडती. कोनाड्यात हात घालतात आणि बाबासाहेबांच्या फोटोमागून गंठण निघतं.

थिएटर हसलं.

वाईट माणसं नव्हती ती. आमच्यासारखीच तिकीट काढून आलेली. खरं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमानंच त्यांना हसायला लावलं, त्या जागी, मुद्दाम, बरोबर त्या वाक्यावर. दादाच्या तोंडून निघालेलं, त्या सिनेमातलं एकमेव खरं वाक्य त्यांनी घेतलं आणि त्याच्या शेपटीला गंठण बांधलं.

माय उठून उभी राहिली. अंधारात. पडद्याचा उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर पडला होता.

"हसू नगा," ती म्हणाली. "ते माझं लेकरू हाय. त्यानं न्हाई केलं."

मागून आवाज आला, "ओ मावशी, खाली बसा." कुणी शिट्टी मारली. माय बसली नाही. परत म्हणाली, जरा मोठ्यानं, "न्हाई केलं त्यानं." बॅटरी घेऊन थिएटरचा माणूस आला. त्यानं आम्हाला बाहेर नेलं. धरून नाही, नुसता उजेड दाखवत. पण नेलं.

बाहेर कडक ऊन होतं. माय पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. शाळेतली लेकरं जेवून गेल्यावर ती अशीच बसते, चुलीपाशी. म्हणाली, "मीच सांगितलं त्याला सगळं. घरात बसवून. चहा देऊन."

मी तिला काय सांगणार होते? तिनं खरं सांगितलं होतं. खरं सांगणं ही चूक आहे, असं मी तिला कसं सांगू?

दादाला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. पण वस्तीत पोरांनी मोबाईलवर तो तुकडा बघितला होता. कुणीतरी गंमत म्हणून त्याच्याकडं बघून म्हणालं, साहेब, मी न्हाई केलं. दादानं मोटारी बांधणंसुद्धा सोडलं. आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो. मी संवाद पाठ करते. समोरच्या पात्राचं वाक्य येतं तिथं थांबते. वाट बघते. तो बोलत नाही. मग ते वाक्यही मीच म्हणते.

आम्ही वकीलबाई गाठल्या. देवणीकडच्या आहेत, आमच्यातल्याच. त्यांनी नोटीस पाठवली. उत्तर आलं की, कलाकृती काल्पनिक आहे, आणि तरी भावना दुखावल्या असतील तर शेवटी आमच्या कुटुंबाचे विशेष आभार मानायला ते तयार आहेत. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. माय म्हणाली, "आभार नगं. माझ्या लेकराचं तोंड काढा त्यातनं." केस चालू आहे. तारीख पडते, आम्ही जातो, परत पुढची पडते. मी प्रत्येक तारखेला जाते. जाणार.

परवा लातूरला एका मालिकेचं ऑडिशन होतं. कोर्टातली गोष्ट. मी गेले. टेबलामागं तिघं बसले होते. माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि एक कागद पुढं केला. आरोपीची बायको. रडायचं होतं.

मी कागद परत दिला. म्हटलं, "न्यायाधीश बाई आहे ना यात? तिचं वाचते."

ते एकमेकांकडं बघायला लागले. एक जण सांभाळून म्हणाला, "नाही, म्हणजे, तुमचा चेहरा जरा... त्या रोलला तसा लुक पाहिजे."

"कसा?"

त्याला सांगता येईना. मी थांबले. त्याला मदत केली नाही. सांगू दे त्याला तोंडानं, म्हटलं. तो बाटलीतलं पाणी प्याला.

"बरं, वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं. निकाल होता. आरोपीला निर्दोष सोडल्याचा. ओरडले नाही, रडले नाही. माझ्याच भाषेत, माझ्याच आवाजात, सावकाश वाचलं. संपल्यावर म्हटलं, माझं नाव लिहून घ्या. पूर्ण लिहा, आडनावासकट.

भूमिका मिळाली नाही. आरोपीची बायको करता का म्हणून दुसऱ्या दिवशी फोन आला. नाही म्हटलं. चोराची बहीण नाही, मोलकरीण नाही, वस्तीतली मेलेली पोरगी नाही. घरी बसावं लागलं तर बसेन, मायसोबत खिचडी शिजवेन. पण पुढच्या महिन्यात नांदेडला अजून एक ऑडिशन आहे. मी जाणार आहे, आणि तिथंही न्यायाधीशच मागणार आहे.